लाख शार्कांचा हिशेब

रूनस्केप या ऑनलाइन खेळात मासेमारी हे एक कौशल्य आहे. त्याची ९९वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभवगुण, लागतात. ७६व्या लेव्हलला शार्क पकडता येऊ लागतो आणि एका शार्कचे ११० गुण मिळतात. तिथून पुढे दुसरं काही न करता शार्कच पकडत राहायचं ठरवलं, तर ९९ गाठेपर्यंत एक लाखाहून जास्त शार्क पकडावे लागतात. पकडायचं म्हणजे काय, तर धक्क्यावर उभं राहून पाण्यातल्या एका जागेवर क्लिक करायचं, थैली भरली की बँकेत रिकामी करून यायची, पुन्हा क्लिक करायचं. त्यात लेव्हलचा तक्ता असा बेरका की ९२वी लेव्हल येते तेव्हा गुणांच्या हिशेबाने जेमतेम अर्धी वाट सरलेली असते. खेळाडूंना हे पाठ असतं, त्यावर त्यांचे विनोद ठरलेले असतात, आणि तरीही हजारो जण शेवटपर्यंत जातात. पोचल्यावर काय मिळतं? ९९,००० नाणी मोजून एक झगा विकत घेण्याचा हक्क. तोसुद्धा फुकट नाही.

एकच काम पुन्हा पुन्हा करून पात्राची ताकद, संपत्ती किंवा लेव्हल वाढवत नेणं याला खेळाडू ग्राइंडिंग म्हणतात. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांच्या इतिहासात याच्याइतक्या शिव्या कशानेच खाल्ल्या नसतील, आणि याच्याइतकं चिवटपणे दुसरं काही टिकलंही नसेल. प्रचलित स्पष्टीकरण सोपं आहे: वर्गणी चालू राहावी म्हणून कंपन्या खेळ ताणतात, आणि दाण्याच्या आशेने चोच मारत राहणाऱ्या कबुतरासारखा माणूस क्लिक करत राहतो. त्यात तथ्य आहे, पण ते इतिहासाचं टोक उलटं धरतं. ग्राइंडिंग आधी आलं, वर्गणी नंतर. ते आलं एका कराराच्या रूपात: वेळ द्या, मोबदला नक्की मिळेल, तुमचा जन्म, तुमचा खिसा, तुमच्या हातांची चपळाई आणि तुमचं नशीब यांतलं काही विचारलं जाणार नाही. कंपन्यांनी पुढे केलं ते इतकंच की पैसे वसूल करण्याची रीत बदलली की या कराराची कलमंही बदलत नेली. ग्राइंडिंगचं आकर्षण आणि त्याबद्दलचा राग, दोन्हींची मुळं या करारातच आहेत.

लेव्हल आणि अनुभवगुण ही जोडी रूढ झाली ती टेबलाभोवती बसून खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत तो प्रसिद्ध केला. पण त्या खेळात ग्राइंडिंगला फारसा वाव नव्हता. गुणांचा मोठा वाटा राक्षस मारण्यापेक्षा खजिना सुखरूप बाहेर आणण्याचा असे, आणि मुख्य म्हणजे टेबलाच्या एका बाजूला पंच म्हणून एक हाडामांसाचा माणूस बसलेला असे. एकदा मारलेले गॉब्लिन मेलेलेच राहत. ‘उद्या त्याच गुहेत जाऊन तेच गॉब्लिन परत मारतो’ असं कुणी म्हणालं असतं, तर पंच हसला असता. संगणक हसत नाही. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ साली ‘मड’ हा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. एकाच वेळी अनेकांनी एका जगात वावरायचं, तेही नुसत्या मजकुरातून, असा हा खेळ होता. त्यात सापडलेला खजिना एका दलदलीत नेऊन टाकला की गुण मिळत. टाकलेला खजिना गेला तो गेला. मग जगातल्या मौल्यवान वस्तू संपत आल्या की सगळं जग मूळ स्थितीला आणावं लागे. वरच्या पायऱ्यांवर प्रत्येक पुढच्या पायरीला आधीच्या दुप्पट गुण लागत आणि शेवटी ‘विझर्ड’चं पद मिळे. पुन्हा भरणारं जग आणि दर पायरीला लांबत जाणारी शिडी, ग्राइंडिंगला लागणाऱ्या या दोन्ही गोष्टी इथे पहिल्यापासून होत्या.

ही शिडी का घातली, हे बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे, आणि ते कारण धंद्याचं नाही. जन्मावर माणसाची पायरी ठरवणाऱ्या ब्रिटिश वर्गव्यवस्थेचा त्यांना राग होता. या दुसऱ्या जगात तरी माणसाने स्वतःच्या करणीने वर चढावं, अशी ती रचना होती. ‘मड’ विद्यापीठाच्या यंत्रावर, बहुधा रात्री कुणाला त्याची गरज नसताना चाले. १९९१ साली कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या पाच विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ लिहिला. त्यात कोडी आणि खजिने मागे पडले, राक्षस मारून लेव्हल वाढवणं हाच खेळाचा कणा झाला, आणि ठरावीक वेळाने मेलेले राक्षस आपापल्या जागी परत उभे राहू लागले. आज आपण ज्याला ग्राइंडिंग म्हणतो त्याचा साचा हाच. या विद्यार्थ्यांनी आपला कोड सर्वांना वाटला आणि परवान्यात अट घातली ती अशी, की यातून कुणी नफा कमवायचा नाही. त्याच्या शेकडो नकला निघाल्या, हौशी लोकांनी त्या पदरमोड करून चालवल्या आणि खेळाडूंनी त्यांत रात्री घालवल्या. म्हणजे ग्राइंडिंगचा सर्वांत प्रभावी साचा ज्यांनी घडवला त्यांना ते विकायचंच नव्हतं. कंपनीच्या लोभातूनच हे सारं जन्मलं असं म्हणणाऱ्यांना हा पुरावा अडचणीचा आहे.

लोभ आला, पण वेगळ्या वाटेने. १९८०च्या दशकात अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह या सेवेवर ‘आयलंड ऑफ केस्माय’ खेळायला तासाला ६ डॉलर पडत, जलद मोडेम असेल तर १२. अशा मीटरवर लांबण लावणं म्हणजे उघड उघड खिसा कापणं. मग १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि मार्च १९९९मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ महिन्याला दहा डॉलरच्या आतबाहेर वर्गणीवर आले, आणि हिशेब उलटला. ठरावीक वर्गणी भरून दिवसाचे दहा तास खेळणारा माणूस कंपनीला महागात पडतो. सर्व्हर आणि बँडविड्थ तोच जास्त खातो. कंपनीला हवे होते महिने, तास नव्हेत. पण खेळाच्या आतलं चलन तर तासच होतं. तासांतून महिने काढायचे तर शिडी लांब हवी, आणि शिडीवर एकटा माणूस कंटाळून उतरू नये म्हणून सोबतीला माणसं हवीत. एव्हरक्वेस्टने दोन्ही साधलं. त्याची रचना डिकूमडच्या इतकी जवळची होती की कोड उचलला नसल्याचं शपथेवर लिहून देण्याची वेळ त्याच्या निर्मात्यांवर २००० साली आली.

एव्हरक्वेस्टमधली एक संध्याकाळ जवळून पाहण्यासारखी आहे. पाचसहा जणांचा गट एका कोपऱ्यात तळ ठोकून बसे. एक जण पुढे जाऊन राक्षसाला डिवचून ओढून आणी, बाकीचे त्याला संपवत, आणि पुढचा राक्षस उगवेपर्यंत सगळे जमिनीवर बसत. जादूगाराची शक्ती भरून यायला बसावंच लागे, आणि सुरुवातीच्या काळात खालच्या लेव्हलच्या जादूगारासमोर त्या वेळी मंत्रांची पोथी उघडे आणि सगळा पडदा झाकून टाकी. समोर लढाई चालू असली तरी दिसायची नाही. मेलं तर कमावलेले गुण कापले जात, लेव्हलसुद्धा खाली घसरे, आणि अंगावरचं सामान प्रेतापाशी राहिल्यामुळे ते आणायला उघड्यानेच धावावं लागे. ३०, ३५, ४० अशा लेव्हलांना लागणारे गुण एकदम उसळी मारत. खेळाडू त्यांना नरकातल्या लेव्हल म्हणत. आजच्या डिझायनरला ही यादी चुकांची वाटेल. पण पोथी उघडून बसलेल्या माणसाला करण्यासारखं एकच उरतं: गप्पा. ज्याच्यावर तुमचं प्रेत आणण्याची भिस्त आहे त्याच्याशी तुम्ही नीट वागता. कंटाळा हा इथे बांधकामाचा माल होता, आणि त्यातून उभी राहिलेली मैत्री वर्षानुवर्षं वर्गणी भरायला लावत होती. दक्षिण कोरियात १९९८ साली आलेल्या ‘लिनिएज’ची गोष्ट याच जातीची. १९९७च्या आर्थिक संकटानंतर तिथे पीसी बांग, म्हणजे तासावर संगणक मिळणारी दुकानं, गल्लोगल्ली निघाली. सोबतीला आपल्या टोळीची माणसं खरोखरच शेजारच्या खुर्चीवर असत आणि ग्राइंडिंग किल्ल्याच्या लढाईसाठी, टोळीच्या वतीने केलं जाई.

आता कबुतराकडे वळू. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७च्या ग्रंथात दाखवलं होतं की बक्षीस कितव्या चोचीला मिळेल हे अनिश्चित ठेवलं की पक्षी सर्वांत चिवटपणे चोच मारत राहतो. २००१ साली जॉन हॉपसन यांनी हीच मांडणी गेम डिझाइनला लावून दाखवणारा लेख लिहिला, आणि तेव्हापासून हा आक्षेप टीकाकारांच्या जिभेवर आहे. दुर्मिळ तलवार हजारातल्या एखाद्या राक्षसाकडे सापडते, तिथे तो लागूही पडतो. पण ग्राइंडिंगचा गाभा असलेली लेव्हलची पट्टी याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात अनिश्चित काहीच नाही. ती पोस्टातल्या आवर्ती ठेवीसारखी आहे: हप्ता किती, मुदत किती, हातात काय पडणार, सगळं आधी छापलेलं. अनिश्चितता हीच खरी नशा असती तर खेळाडूंनी ती जिथे मिळाली तिथे जपली असती. प्रत्यक्षात एव्हरक्वेस्टच्या गिल्डांनी, म्हणजे खेळाडूंच्या संघांनी, काय केलं पाहा. मोठा ड्रॅगन मारल्यावर मिळणारी लूट कुणाला द्यायची यावरून भांडणं होऊ लागली, तेव्हा त्यांनी फासे टाकण्याऐवजी स्वतःची वही उघडली. मोहिमेला हजर राहिल्याचे गुण जमा, वस्तू घेतली की वजा. ड्रॅगन किल पॉइंट्स या नावाने ही पद्धत पुढे जगभरच्या गिल्डांत पसरली. खेळाने जिथे नशीब ठेवलं होतं तिथे खेळाडूंनी आपण होऊन हजेरीपट आणला. कबुतरं असं करत नाहीत.

या कराराची जाण डिझायनरांनाही अनुभवातून आली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४मध्ये बाजारात यायच्या आधी त्याच्या चाचणीत एक नियम होता: फार वेळ सलग खेळलात की मिळणारे गुण निम्मे होत. हेतू भला होता, लोकांनी मधून मधून उठावं. लोक खवळले. ब्लिझर्ड कंपनीचे तेव्हाचे डिझायनर रॉब पार्डो यांनी नंतर सांगितलेला उपाय असा: लेव्हलला लागणारे गुण दुप्पट केले, निम्म्या दराला ‘नेहमीचा’ दर म्हटलं आणि पूर्ण दराला ‘विश्रांती’मुळे मिळणारी दोनशे टक्क्यांची बक्षिसी. आकडेमोड तीच राहिली, तक्रारी थांबल्या. याला हातचलाखी म्हणता येईल, आणि ती आहेच. पण राग कशाचा होता हेही तिने उघड केलं. श्रम फार आहेत अशी तक्रार नव्हतीच. केलेल्या श्रमाचा दर मधेच पाडला, ही होती. चीनच्या सरकारने थोड्याच वर्षांत अल्पवयीन खेळाडूंसाठी जवळपास तोच चाचणीतला नियम आणला: तीन तासांपर्यंत पूर्ण मोबदला, पुढे पाच तासांपर्यंत निम्मा, त्यानंतर शून्य. तिथे शब्द बदलून गोड करण्याची गरज कुणाला वाटली नाही.

करारावरचा खरा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. वेळ सगळ्यांकडे सारखा असतो हे खोटं आहे. विद्यार्थ्याकडे तो आहे, दोन पाळ्या करणाऱ्या आईकडे नाही. एव्हरक्वेस्टच्या जगात जन्माचा आणि खिशाचा भेद पुसला गेला खरा, पण त्या जागी फुरसतीचा भेद आला. आणि ज्याच्याकडे फुरसत नाही पण पैसा आहे, तो दुसऱ्याची फुरसत विकत घेणारच. अर्थतज्ज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ साली ईबेवरच्या लिलावांचे भाव घेऊन हिशेब मांडला: एव्हरक्वेस्टमधल्या एका तासाच्या कष्टाची किंमत ३.४२ डॉलर निघाली आणि त्या काल्पनिक देशाचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान कुठेतरी. पाठोपाठ चीनमध्ये खेळातलं सोनं पिकवणाऱ्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. जूलियन डिबेल यांनी २००७ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात नानजिंगमधल्या अशा कार्यशाळेचं वर्णन केलं: बारा तासांची रात्रपाळी, तोच राक्षस, तीच जागा, तासाला साधारण ३० सेंट. दहा वर्षांनी चलन कोसळलेल्या व्हेनेझुएलात लोक रूनस्केपमधलं सोनं विकून डॉलर कमवू लागले. काल्पनिक जगातली मेहनत पोट भरण्याच्या कामी आली, तेव्हा तो समान संधीचा करार किती पोकळ होता हे दिसलं, असं म्हणता येईल.

हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. तरी डिबेल यांच्याच लेखात एक तपशील आहे जो सहज विसरता येत नाही: पाळी संपल्यावर यांतले काही कामगार तोच खेळ स्वतःच्या पात्रासाठी खेळत. क्लिक तेच, राक्षस तेच, थकवा तर अधिकच. फरक एवढाच की आता चढलेली लेव्हल त्यांच्या नावावर जमा होत होती. त्या क्रियेतच नशा असती तर बारा तासांत ती पुरती भागली असती. क्रिया निव्वळ छळ असती तर कुणी पाळीनंतर खुर्चीवर थांबलं नसतं. ग्राइंडिंगची गोडी क्रियेत शोधून सापडत नाही. ती मालकीत आहे, आणि मोजणीच्या खात्रीत. बहुतेकांच्या नोकरीत या दोन्ही गोष्टी दुर्मिळ असतात, एवढं इथे नोंदवायला हरकत नाही.

कंपन्यांनी मात्र या बाजारातून धडा घेतला तो दलाली आपणच का खाऊ नये हा. रूनस्केपने २०१३ साली आणि वॉरक्राफ्टने २०१५ साली खेळातलं सोनं आणि खरे पैसे यांची अधिकृत अदलाबदल सुरू केली. फुकट खेळायला मिळणाऱ्या आणि आत वस्तू विकणाऱ्या खेळांनी त्याहून पुढची मजल मारली: शिडी मुद्दाम असह्य लांब करायची आणि मग लिफ्टचं तिकीट विकायचं. इथे ग्राइंडिंगचं काम उलटं झालं. आधी ते ज्याच्या बदल्यात काही मिळतं असं श्रमाचं माप होतं. आता ते टाळण्यासाठी पैसे मोजावेत अशी शिक्षा झालं. आज ग्राइंडिंगवर होणारी बहुतेक टीका खरं तर या दुसऱ्या प्रकारावर असते, आणि ती पहिल्याच्या डोक्यावर फोडली जाते.

दोन्हींतला फरक खेळाडूंना कळतो याचा पुरावा २०१३मध्ये मिळाला. रूनस्केपची जुनी, २००७ सालची संथ आवृत्ती परत आणायची का, असा कौल घेतला गेला. लाखो मतं पडली आणि ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. पुढे मूळ खेळापेक्षा त्याचेच खेळाडू वाढले. वॉरक्राफ्टने २०१९ साली आपली जुनी आवृत्ती अशीच परत आणली. यावर कुणी म्हणेल, हा निव्वळ गतकाळाचा उमाळा. पण उमाळा पहिल्या काही महिन्यांपुरता असतो. ओल्ड स्कूलमध्ये कुठलाही मोठा बदल खेळाडूंच्या मतदानाने ठरे आणि त्याला ७५ टक्के मतं लागत. प्रत्येक प्रस्तावावर वाद एकाच मुद्द्याभोवती फिरे: याने लेव्हल सोप्या होतील का, आधी चढलेल्यांच्या कष्टांचा भाव उतरेल का. कुळाने आपल्या जमिनीची मोजणी राखावी तशा दक्षतेने लोक त्या कंटाळ्याची राखण करत होते.

मग स्वतः खेळणाऱ्या खेळांचं काय? २००२ साली एरिक फ्रेड्रिक्सन यांनी एव्हरक्वेस्टची टर उडवायला ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ लिहिला. त्यात पात्राला नाव दिलं की माणसाचं काम संपतं. पट्ट्या आपोआप भरत राहतात. २०१६च्या डिसेंबरात कोरियात मोबाइलवर ‘लिनिएज २ : रेव्होल्यूशन’ आला, त्यात पात्राला लढायला लावून फोन खिशात टाकण्याची सोय होती, आणि पहिल्या महिन्यात त्याने सुमारे २०६ अब्ज वॉन कमावले. थट्टा धंद्याची योजना झाली. वरवर पाहता इथे माझा मुद्दा कोसळतो, कारण श्रमच उरला नाही. पण श्रम यंत्राकडे गेल्यावर वर चढण्याचा निकाल कशावर लागू लागला, हे पाहायला हवं. पैसे भरून उघडायच्या पेट्यांवर, म्हणजे नशिबावर आणि खिशावर. ज्या दोन गोष्टी बार्टल यांच्या शिडीने बाहेर ठेवल्या होत्या, त्या परत आत आल्या. ग्राइंडिंग मागे फक्त पट्टी म्हणून हलत राहिलं.

आणि कोरियाच्या खेळाडूंचा उद्रेक झाला तो याच जागी. २०२१ साली ‘मेपलस्टोरी’त पैसे देऊन वापरायच्या क्यूब या वस्तूंची खरी शक्यता बाहेर आली, तेव्हा कळलं की काही सर्वांत हवेहवेसे परिणाम लागण्याची शक्यता कमी नव्हती, शून्य होती, आणि तीही २०११पासून, न सांगता. लोकांनी चिडून निषेधाचे फलक लावलेले ट्रक गेम कंपन्यांच्या दारात नेऊन उभे केले. कोरियाच्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२४मध्ये हा खेळ चालवणाऱ्या नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड ठोठावला आणि त्याच वर्षी २२ मार्चपासून अशा वस्तूंच्या शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. लेव्हल चढायला किती राक्षस मारावे लागतात याची चौकशी मात्र आयोगाने केली नाही, आणि करा अशी मागणी कुणी खेळाडूनेही केली नव्हती.